एक वज्री, दोघांचे पाय

बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तरेकडच्या बर्फाळ सरहद्दीवर गेली. मी लान्स नाईक होतो, म्हणजे बाहीवर एक फीत. आमच्या सेक्शनमध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे दोघेच. मी मुरुमकडचा धनगर. शिपाई भीमराव तेरचा, बौद्ध घरातला. गावी असतो तर आमचे पाणवठे वेगळे असते. बराकीत बादली एक, साबण एक आणि वज्रीही एकच होती. वज्री माझी. टाचा घासायची, पितळेची, आईने भरतीला निघताना ट्रंकेत टाकलेली. टाच बघून माणसाचं घर कळतं, असं आईचं म्हणणं.

सैन्यात रायफलइतकीच पायांची तपासणी होते. रोज संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन. बूट काढायचे, मोजे उलटे करायचे, तळवे वर करून दाखवायचे.

माझ्या डाव्या चवड्याखाली शाळेच्या वयापासून कठीण गाठ होती. घरी तिला कुरूप म्हणत. आमच्याकडे कुरूप झालं की न्हाव्याकडून वस्तऱ्यानं सोलून घेतात आणि वर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल लावतात. माझं तसं तीनदा झालं. दर वेळी एकीच्या आसपास आणखी दोन-तीन उगवल्या. बर्फाचे जड बूट चढल्यावर पायाखाली खडा असल्यासारखं दुखू लागलं. पुढे भीमरावच्या टाचेवरही मुगाएवढा दाणा दिसला. आम्ही दोघांनी सिक रिपोर्ट केला.

पलटणीच्या डॉक्टरला आरएमओ म्हणतात. आमचे आरएमओ सोलापूरकडचे कॅप्टन होते. त्यांनी माझी गाठ वरून दाबली. फारसं दुखलं नाही. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली. मी ओरडलो. त्यांनी वरची कातडी ब्लेडनं खरवडली. आत काळे ठिपके होते.

"कुरूप कोण म्हणालं?"

"घरचे, साहेब."

"कुरूप वरून दाबल्यावर दुखतं. ही चामखीळ आहे. अंगाच्या वजनानं आत दबलेली. हिच्यात विषाणू असतो. वस्तऱ्यानं तो तुम्ही तळपायभर पेरलात." मग भीमरावकडे वळून, "आणि तू?"

"याचीच वज्री घेतो, साहेब."

"वा. शेजारधर्म. आजपासून एकाची वज्री एकालाच."

उपचार त्यांनी शिपायाला कळेल असा सांगितला. "जुनी चामखीळ एका औषधाला दाद देत नाही. समोरून फायर, बगलेतून हल्ला. दोन्ही पाहिजेत." रोज पाय गरम पाण्यात भिजवायचा, मेलेली कातडी घासायची, सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लावायचं आणि वर चिकटपट्टी घट्ट बसवायची. कातडी मऊ झाली की फील्ड हॉस्पिटलमध्ये सिलिंडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइडचा बर्फ त्या जागी दाबून धरायचा. फोड येतो. तो बसला की पुन्हा मलम. मलमानं वाट मोकळी होते आणि गारठा मुळापर्यंत जातो. खाडा करायचा नाही.

आज मी गावच्या दूध सोसायटीत फॅट मोजतो. कुणाच्या बोटावर चामखीळ दिसली आणि तो बिब्ब्याचं नाव काढू लागला, की मी हेच सांगतो.

दोघांचा उपचार एकच होता. दुसऱ्यांदा बर्फ लावल्यावर भीमरावचा दाणा खपलीसारखा गळून पडला. खाली गुलाबी कातडी. माझ्या गाठी तशाच. मी त्याच्यापेक्षा जास्त वेळ पाय भिजवत होतो. त्याची पट्टी निम्म्या वेळा सैल असायची. तरी त्याला गुण आला. इन्स्पेक्शनला मी माझ्या पायाआधी त्याचा पाय बघू लागलो.

"लई चिवट हाय तुझी," तो म्हणाला. "मालकावर गेलीय."

"माझ्याकडनं घेतलीस आणि माझ्याआधी बरा झालास."

"मग वापस देऊ व्हय?" त्यानं वज्री पुढं केली. "ही तरी घे."

"ठेव तूच. तुझ्या गुळगुळीत टाचेला शोभंल."

तो हसला. मी हसलो नाही.

कारण होतं. खिंडीपलीकडच्या चौकीवर लिंक पेट्रोल, म्हणजे पाच जणांची गस्त, जाणार होती. तिच्यात सेकंड-इन-कमांड म्हणून माझं नाव होतं. काम नीट झालं तर नाईकची दुसरी फीत मिळणार, असं सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पगार वाढला की तिला घरी बसवायचं मी ठरवलं होतं.

पेट्रोलच्या आधी आरएमओंनी सगळ्यांचे पाय तपासले.

"डावा चवडा. अनफिट. एक्स्क्यूज बूट. पुढचा."

पुढचा भीमराव होता.

"टाच स्वच्छ. फिट."

माझी जागा त्याला मिळाली. मला जड बुटांची मनाई आणि बेसवर रेडिओ सेट मिळाला. कॅनव्हासचे बूट घालून मी पेट्रोल जाताना पाहिली. भीमराव दुसऱ्या नंबरवर होता, जिथं मी असायला हवा होतो. त्याची चाल सरळ होती.

दुपारी सेट वाजला. सेटवर पेट्रोलचं नाव चार्ली होतं.

"बेस, फॉर चार्ली. खिंडीत पोचलो. सगळे ठीक. ओव्हर." आवाज भीमरावचा होता.

"चार्ली, फॉर बेस. रॉजर. ओव्हर."

"काय ओ लान्स नाईकसाहेब, पाय काय म्हणतोय? ओव्हर."

"सेटवर गप्पा नकोत. आउट."

नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

पुढच्या कॉलला चार्लीनं उत्तर दिलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग दुसऱ्याच जवानाचा आवाज आला. तो धापा टाकत होता. "बेस, बेस. वरून बर्फाचा कडा सुटला. मधले तिघे गेले. दिसत नाहीत." मी तिघांची नावं विचारली. त्यानं सांगितली. मी ती सुभेदार साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवली. भीमरावचं नाव दुसरं होतं.

बर्फ वितळू लागल्यावर तिघे सापडले. तोवर मला पाचव्यांदा बर्फ लावून झाला होता. आरएमओंनी बोटानं चवडा चाचपला. "गेली. आता फिट." मी सॅल्यूट केला.

सुट्टीवर येताना भीमरावची ट्रंक माझ्याबरोबर पाठवली. तेरला उतरलो तेव्हा त्याची आई कामावरून नुकतीच आली होती. कपाळावर खडीची पांढरी धूळ. तिनं आधी मला पाय धुवायला पाणी दिलं. मी बूट काढले. ती तळव्याकडं बघत राहिली.

"बरा झाला व्हय रं पाय?"

"झाला, आई. तुम्हाला कसं ठाऊक?"

"पत्रात सारं तुझंच असायचं. त्याच्या बाहीला फीत हाय, मला न्हाय म्हणायचा. लई जळायचा बघ तुझ्यावर."

मी पायावर पाणी घेत राहिलो.

तिनं ट्रंक उघडली. कपड्यांवरच वज्री होती. तिनं ती उचलून माझ्यापुढं धरली. "ही तुझ्या आईची, न्हाय का? घेऊन जा."

तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

"राहू द्या तुम्हाला," मी म्हणालो. "मी उकळून देतो. फक्त घरात दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका. डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता. एकाची वज्री एकालाच."

"दुसरं हाय कोण आता घरात, बाबा?"

दुसरी फीत मला वर्षभरानं मिळाली. आज त्या चवड्यावर खूणही नाही. पण संध्याकाळी पाय धुताना मी डावा तळवा वर करून बघतो, आणि आरएमओंचे शब्द ऐकू येतात. ते माझ्यासाठी नव्हते. शिपाई भीमराव, राहणार तेर. टाच स्वच्छ. फिट.