मोठीमायनं निवडलेली पिल्लं

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी यवतमाळच्या एका कॉलेजात उंदरांची पिल्लं तोलत होते. बाहेरून गाड्या भरून माणसं जिल्ह्यात यायची, पिकाबद्दल आणि भावाबद्दल विचारायची आणि निघून जायची. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलंच तर मी सरळ सांगायचे, गाभण मादीला दारू दिली तर पोटातल्या पिल्लांचं काय होतं ते बघते. ऐकणारा हसायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. घाटंजीकडच्या आमच्या गावातून एमएस्सी झालेली मी पहिली मुलगी होते, आणि काम मला चांगलं येत होतं.

काही माद्यांच्या खाण्यात आम्ही मोजून दारू मिसळायचो. बाकीच्यांना तेवढ्याच पोषणाची साखर द्यायचो, म्हणजे फरक दिसला तर तो उपासमारीचा आहे असं कुणी म्हणायला नको. पिल्लं झाली की त्यांना तोलायचं, आणि चार-पाच दिवसांची झाली की पाठीवर ठेवून पालथं व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. शेवटी काही पिल्लांना मारून त्यांचे मेंदू तपासायचे. आमचं घर बौद्ध. वडिलांनी एकदाच विचारलं, की जीव घ्यायचा नाही हे पहिलं शील आणि नशा करायची नाही हे पाचवं, मग तू पाचव्यासाठी पहिलं मोडतेस का? मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, पण मी घरी गेले की ते माझ्या हातांकडे बघायचे.

एका रविवारी मी गावी गेले तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. संध्याकाळी माझी मोठी काकू, जिला आम्ही सगळे मोठीमाय म्हणायचो, एक बाटली घेऊन आली आणि ओवा घातलेल्या मोहाच्या दारूची दोन टोपणं तिनं वहिनीला पाजली. कंबर दुखते, झोप येत नाही, म्हणून. मोठीमाय सुईण होती. आसपासच्या तीन गावांतली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती, मीसुद्धा. तिनं स्वतः कधी थेंब घेतला नव्हता. तिच्या लेखी ती दारू नव्हतीच, औषध होतं.

मी तिला चुलीपाशी बसवून सगळं समजावून सांगितलं. तिनं मध्ये न बोलता ऐकलं आणि मग विचारलं, "तुया वख्तालेही तुया मायले म्या हेच देल्लं होतं. तुले काय झालं?"

दारूच्या गटातली सगळीच पिल्लं कमजोर निघत नाहीत, काही अगदी ठणठणीत असतात, हे मला माहीत होतं. मी तेही तिला सांगून टाकलं. लपवलं असतं तर तिला कळलं असतं.

"मंग दाखव मले," ती म्हणाली.

मोठीमायला प्रयोगशाळेत आणू का, असं आमच्या मार्गदर्शक मॅडमना मी विचारलं तेव्हा त्या नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट एक अट घातली. कुठलं पिल्लू कुठल्या गटातलं हे आजींना सांगायचं नाही. त्यांनीच ओळखून सांगायचं.

पुढच्या आठवड्यात एसटीनं मी तिला घेऊन आले. ती धुतलेलं नऊवारी नेसून आली होती. मॅडमनी पाच दिवसांच्या दहा पिल्लांच्या पाठीवर शाईनं आकडे घातले होते आणि यादी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती. मलाही गट माहीत नव्हते. मोठीमायला हातमोजे घालायला दिले, तर ती म्हणाली यानं काही समजत नाही. मॅडम ऐकेनात, शेवटी तिनं घातले.

ती घाईत नव्हती. एकेक पिल्लू तळहातावर घेऊन ती अंगठ्यानं त्याचं पोट, मान, मागचे पाय चाचपायची. पाठीवर ठेवायची, बघायची. तोंडाजवळ करंगळी नेऊन ते ओढतं का ते बघायची. घड्याळ लावून मी जे मोजायचे ते ती नुसती बसून बघत होती. एक पिल्लू तिनं परत परत हातात घेतलं. मग चार डाव्या ट्रेमध्ये ठेवली आणि सहा उजव्या.

"हे चार ढिले हायेत," ती म्हणाली.

मॅडमनी यादी काढली. डावीकडची चारही दारूच्या गटातली होती. त्या गटातलं पाचवं मात्र उजवीकडे, धडधाकट पिल्लांत गेलं होतं. मॅडमनी ते दाखवलं. मोठीमायनं ते पुन्हा उचललं, सगळीकडून पाहिलं, आणि माझ्याकडे वळली.

"हे तुयासारखं," ती म्हणाली. "वाचलं."

मी ते पिल्लू तिच्या हातातून घेऊन ट्रेमध्ये ठेवलं.

परतताना एसटीत तिनं विचारलं, त्या पिल्लांचं पुढे काय करता? मी सांगितलं. मला वाटलं, आता वडिलांचाच प्रश्न ती विचारणार. पण ती म्हणाली, "मंग त्यायचं मरण वाया जाऊ देऊ नको."

स्वतः तिनं ते वाया जाऊ दिलं नाही. त्याच संध्याकाळी वहिनीचं औषध बंद झालं. बाटली फेकली नाही, वहिनीची कंबर चोळायला ठेवली. पुढच्या बाजारापासून घाटंजीला भाजी घेताना, विहिरीवर, कापूस वेचताना ती बायांना उंदरांची गोष्ट सांगू लागली. अंगणवाडीच्या ताईनं तिला एकदा बैठकीत बोलावलं, तर तिथं तिनं हातावर पिल्लू धरल्यासारखं करून दाखवलं. फिरत फिरत ती गोष्ट माझ्या कानावर आली तेव्हा पिल्लं मांजराएवढी झाली होती आणि डॉक्टर रडत होता. मी तिला म्हटलं की असं काही घडलं नव्हतं. ती म्हणाली, बाया सोडून राहिल्या ना, मग?

काही बायांनी सोडलं नाही. एकीनं तर तिला तोंडावर सुनावलं की इतकी वर्षं तूच पाजलंस. मोठीमायनं ते ऐकून घेतलं. "व्हय, मीच पाजलं," एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्या दारात गेली. तिच्या हातून जन्मलेल्या, शाळेत मागे पडलेल्या एक-दोन पोरांची नावं ती कधी कधी घ्यायची. त्याचं कारण काय होतं ते मलाही सांगता येत नव्हतं, आणि खोटा धीर मी तिला दिला नाही.

वहिनीला तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. नर्स काट्याकडे नेत होती, तर मोठीमायनं बाळ आधी स्वतःच्या हातावर घेतलं आणि वजन सांगितलं. काट्यावर थोडं जास्त भरलं. काटा बिघडला आहे, असं ती नर्सला म्हणाली, आणि बाळ वहिनीच्या कुशीत ठेवून चहा प्यायला बाहेर गेली.