अपेक्षाच्या नावापुढची वजाबाकी

अपेक्षा दर्यापूरची, शेतकऱ्याची मुलगी. अमरावतीत ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या एका खाजगी केंद्रात लिनक्स या प्रणालीवर चालणारा सर्व्हर तिच्या ताब्यात होता. त्यावर कोणी आणि कुठून लॉगिन करायचं, ते तीच ठरवायची. एकदा मालकांनी परीक्षा चालू असताना घरून लॉगिन मागितलं. बाहेरून कोणी आत शिरलं तर उत्तरं बदलता येतात, म्हणून तिनं तोंडावर नाही म्हटलं.

चंदा परतवाड्याहून नंतर केंद्रावर कामाला आली. दोघी एकाच खोलीत राहायच्या. चंदाला लिनक्स येत नव्हतं. भाकरी थापता थापता अपेक्षानंच शिकवलं.

"पासवर्ड बरोबर असला म्हणजे झालं नाही व. मंग सर्व्हर परवानगीची फाईल पाहते. ओळीत पयले अधिक नाहीतर वजा, मंग नाव, मंग कुठून. अधिक म्हणजे येऊ दे, वजा म्हणजे नको. वरून वाचत येते अन् जी ओळ पयले जुळली तिचंच आयकते."

"अन् खाली तुह्या नावानं अधिक असलं तरी?"

"वर वजा जुळलं का खालचं पाहतच नाही."

शिकवता शिकवता सर्व्हरचा मुख्य पासवर्डही तिनं चंदाला देऊन टाकला. एकीला ताप आला तर दुसरीनं सांभाळावं, एवढंच मनात.

त्या सोमवारी दोघींनी पोहे खाल्ले आणि अपेक्षाच्या स्कूटीवरून केंद्रावर आल्या. अपेक्षानं पासवर्ड टाकला. सर्व्हरनं तिला बाहेर काढलं. पुन्हा टाकला, एकेक अक्षर बघून. पुन्हा तेच.

"चंदे, तुह्यं लॉगिन होऊन राहिलं का?"

"हो."

"मंग ती फाईल उघड बरं."

चंदाचा हात माऊसवरच राहिला. शेवटी अपेक्षानंच वाकून फाईल उघडली. तिच्या नावाची जुनी ओळ, अधिक चिन्हासकट, जागेवर होती. पण सगळ्यात वर दोन नव्या ओळी आल्या होत्या. एकीत वजा, अपेक्षाचं नाव, कुठूनही नको. दुसरीत अधिक, मालकांचं नाव, त्यांच्या घरून.

"कोणं लिवलं हे?"

"सरानं सांगतलं," चंदा स्क्रीनकडेच बघत म्हणाली. "तुह्या जागी मले घेतलं त्याईनं. शुक्रवारीच."

शनिवारी दोघी बाजारात गेल्या होत्या. रविवारी चंदानं तिच्या केसांना तेल लावून दिलं होतं.

"सरानं काढलं त्याचं मी पाहून घेईन," अपेक्षाचा आवाज फाटला. "पण आता माह्याच गाडीवर माह्या मागं बसून आली ना तू? रस्त्यानं एक शब्द बोलता नाही आला तुले?"

"मले वाटलं, सर सांगतीन."

अपेक्षानं टेबलावरची पाण्याची बाटली घेतली आणि निघाली. ज्या संस्थेची पुढची परीक्षा या केंद्रावर होणार होती, तिथल्या अधिकाऱ्यांना तिनं त्याच दुपारी फोन करून त्या दोन्ही ओळी सांगितल्या. त्यांनी चौकशी केली, परीक्षा दुसऱ्या केंद्रावर हलवली. चंदाचीही नोकरी टिकली नाही, असं नंतर कानावर आलं. त्यानं अपेक्षाला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

आता ती अकोल्यात एका दवाखान्याचे सर्व्हर बघते. सोबतची वर्षाली चांगली आहे, मनापासून शिकते. पण ती शेजारी येऊन बसली की अपेक्षा अजूनही खुर्ची थोडी सरकवून घेते.