ताट हातात असताना

मला पीएचडी मिळाली त्या दिवशी आईनं शेतातला झेंडू बाजारात नेलाच नाही, सगळ्याची तोरणं करून दाराला बांधली. "आता आमची पोरगी पर्मनंट," असं अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. कसलं पर्मनंट न् काय! गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवायला लागले ते तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचेच पैसे, आणि जूनमध्ये फोन आला तर तुम्ही आहात, नाही आला तर नाहीत.

माझा प्रबंध येवल्याच्या विणकरांच्या घरातल्या बायकांवर होता. पैठणी कोण विणतं विचारलं की घरातला पुरुष पुढे यायचा. "आणि वहिनी काय करतात?" "काही नाही, घरीच असते." ती घरीच असणारी बाई तेव्हा त्याच्याच पाठीमागे बसून रेशीम उकलत असायची, कांड्यांवर धागा भरत असायची. तिचा हात थांबला की माग थांबतो. या 'काही नाही'वर मी माझी उमेदीची वर्षं घातली. एसटीनं जायचं, लोकांच्या ओट्यावर बसायचं, ऐकायचं, लिहायचं. आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक काम.

पुढे कॉलेजचा दर्जा ठरवणारी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमच्या येवल्याच्या कामाच्या स्लाइड पाठवा. विभागाचं संशोधन म्हणून मी मांडतो." पाठवल्या. दोन दिवसांनी पाहते तर पहिल्याच स्लाइडवर त्यांचं नाव, फोटोसकट. माझं कुठेच नाही. हे माझे मार्गदर्शकसुद्धा नव्हते हो! हे गृहस्थ येवल्याला गेलेच असतील तर साडी घ्यायला.

"सर, माझं नाव राहिलं का?" मी विचारलं.

"अहो, विभागाचं काम ते. त्यात तुझं-माझं कसलं? शिवाय तुम्ही तासिकेवर. समितीला उगाच प्रश्न पडायला नकोत." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमच्याकडे वेगळी जबाबदारी आहे ना. गेटवर औक्षण. पैठणी नेसून या."

"माझ्याकडे पैठणी नाही."

"काय सांगता! पैठणीवर पीएचडी आणि पैठणी नाही?" स्टाफरूम खो खो हसली.

"तासिकेवर परवडत नाही, सर," मी म्हटलं.

घरी येऊन आईसमोर थयथयाट केला. मी ओवाळणार नाही, मी बोलणार, मी सगळ्यांसमोर सांगणार. आई फुलं निवडत होती. "नाव काय धुवून प्यायचंय का? जूनला फोन नाय आला तर बसशील घरी. गप ओवाळ आन ये." मला तिचा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी जेवले नाही. राग आला कारण ती खरं बोलत होती. माझं पुढचं वर्ष त्या माणसाच्या एका शब्दावर होतं, आणि मला भीती वाटत होती.

आदल्या दिवशी स्वागताची रंगीत तालीम झाली. होय, औक्षणाचीसुद्धा तालीम! आमचे प्राचार्य तालमीपुरते समितीचे अध्यक्ष झाले आणि डोक्यावर रुमाल टाकून गेटवर उभे राहिले. एरवी व्हरांड्यात आम्ही नमस्कार केला तरी हा माणूस थांबत नसे. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळायला घेतलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय, पण त्यांनी हात लावला नाही. मान किंचित खाली घालून तसेच उभे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, ओवाळून होईपर्यंत माणूस जागचा हलत नाही! प्राचार्य असो नाहीतर मंत्री.

दुसऱ्या दिवशी साधी सुती साडी नेसून गेले. ताटातली फुलं आईनंच दिली होती. गाड्या आल्या, ढोल वाजला, थांबला. अध्यक्ष परराज्यातले, वयस्कर, सभ्य. मी त्यांना कुंकू लावलं. त्यांनी रीत म्हणून विचारलं, आपण कोणता विषय शिकवता? मी निरांजन असलेलं ताट उचललं आणि ओवाळता ओवाळता माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लागले. समाजशास्त्र. येवल्याच्या विणकर बायकांवर माझी पीएचडी आहे. आज दुपारी ते काम तुमच्यापुढे येणार आहे. त्यावर माझं नाव दिसणार नाही, पण ते काम माझं आहे, आणि काही विचारायचं असेल तर मी इथेच आहे.

"मॅडम, चला, उशीर होतोय," विभागप्रमुख मागून दात आवळून म्हणाले. मी आणखी एकदा ओवाळलं. घाई केली तर दिवा विझतो, आणि तो अपशकुन कोण घेणार अंगावर? अध्यक्ष हलले नाहीत. त्यांच्या शेजारी समितीतल्या एक बाई होत्या. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

दुपारी त्याच बाईंनी विचारलं म्हणे, सकाळच्या त्या ताटवाल्या मॅडम कुठे आहेत? शिपाई धावत आला. मी गेले. बोटाला कुंकू तसंच होतं. मी बोलले, भरपूर बोलले, त्या 'काही नाही'बद्दल. विभागप्रमुख माझ्या स्लाइड पुढे सरकवत होते. तेवढं काम त्यांनी चोख केलं.

जूनमध्ये फोन आला नाही. मीच केला. "यंदा विद्यार्थी कमी आहेत, मॅडम." मी रडले, खोटं कशाला बोलू? पण पश्चात्ताप? छे! आईनं अबोला धरला. मग एके सकाळी तिला डबा द्यायला फुलबाजारात गेले, तर ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "आमच्या पोरीनं एवढ्या मोठ्या साहेबाला उन्हात उभं केलं. आख्खं ऐकवलं, मंगच सोडलं. लय खमकी हाय." मी खांबाआड थांबले आणि तिचं सांगून झाल्यावरच पुढे गेले.

आता मी एसटीनं येवल्याला जाते. तिथल्या कॉलेजात शिकवते, पुन्हा तासिकेवरच. मुलाखती देते, नकार घेते, पुन्हा देते. प्रबंधावरचा लेख छापून आला, त्यावर एकच नाव आहे. त्यातल्या कांड्या भरणाऱ्या बायकांची पोरं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात.

परवा तिथले प्राचार्य स्टाफरूममध्ये आले. पुढच्या महिन्यात आपल्याकडेही समिती येणार आहे, म्हणाले, गेटवर औक्षणाला कोण थांबेल? सगळ्या बायका वह्यांत डोकं घालून बसल्या.

"मी थांबते, सर," मी म्हटलं. "ताट माझ्याकडे द्या."