रोम: खरं किती, रचलेलं किती

पाच आठवडे झाले, तरी अजून पटत नाही. सोमवारी सकाळी वैशालीचा, म्हणजे मिलिंदच्या बायकोचा, फोन आला. "निलेश, मिलिंदला हार्ट अटॅक आला… गेला रे." मी ऑफिसच्या लिफ्टसमोर उभा होतो. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली, मी तिथेच. सत्तेचाळीस वर्षांचा, दिसायला धडधाकट माणूस!

पुण्याहून आम्ही एकाच वर्षी सिडनीत आलो, क्वेकर्स हिलला घरं घेतली आणि शनिवारची दुपार रोमसाठी राखून ठेवली. प्राचीन रोमवरची एकही मालिका मिलिंदने सोडली नाही आणि मला एकही सुखाने बघू दिली नाही. दर दहा मिनिटांनी पॉज. "हा सेनापती खरा. त्याची प्रेयसी मात्र लेखकाच्या डोक्यातली, मेट." मी जाम वैतागायचो. पण रचण्यावर त्याचा राग नव्हता. इतिहास गप्प बसतो तिथे लेखकाने खुशाल बोलावं, असं त्याचं मत. "फक्त सीझर वाचता कामा नये. मधलं काहीही रचा, शेवट बदलता येत नाही."

त्याच्या शेवटच्या शनिवारी हार्ट स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट होती, मी त्याला नेणार होतो. नेमका एका मालिकेचा शेवटचा भाग आला होता. "पुढच्या आठवड्यात जाऊ, नो वरीज," तो म्हणाला, आणि मी गाढवासारखा हो म्हणालो. माझ्या घरी बसून आम्ही सीझरचा खून पाहिला. कुणीतरी त्याच्या हातात सावध करणारी चिठ्ठी देतं, तो ती न वाचताच सभेत जातो. मिलिंदने पॉज केलं. "हे रचलेलं वाटतं ना? जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय." मग घरी काय सांगायचं तेही ठरलं… डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

अंत्यसंस्कारानंतर पुण्याहून त्याची आई व्हिडिओ कॉलवर होती. वैशालीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "शनिवारी डॉक्टर काय म्हणाले होते?"

"सगळं ठीक आहे म्हणाले," मी म्हणालो. त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

इथवर लिहून, छापायला देण्याआधी काल मी हे कागद वैशालीला नेऊन दिले. तिने शांतपणे वाचले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "क्लिनिकमधून त्याच दुपारी फोन आला होता, पेशंट आलेच नाहीत म्हणून. तो इतका खुशीत घरी आला होता रे… म्हटलं, सोमवारी बोलू."

"मग मला का विचारलंस?"

"तो डॉक्टरकडे जाऊन आला होता, असं आईंना ऐकवायचं होतं. माझ्या तोंडून ते खोटं निघेना." तिने कागद माझ्या हातात दिले. "आता आधी त्यांना सांगते. मग छाप."

आणि तिने पुण्याला फोन लावला.