रविवारच्या गाडीचा राखणदार

ज्याला तुम्ही स्वतः राखणीला ठेवलं, त्याच्यावरच काही बिघडलं की पहिला संशय का घेता? हे विचारतो, कारण मीही तेच केलं, आणि तेव्हा माझ्या अंगावर वर्दी होती. नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे एक होत नाही.

नंदुरबारच्या एका वसाहतीत एका तरुण व्यापाऱ्याने स्पोर्ट्स कार आणली होती. लाल, बुटकी, दोन माणसांची. आठवडाभर उभी, रविवारी नवापूरच्या बाजूला हायवेवर एक फेरी. बंगल्याच्या फाटकाचा चढ चढताना तिचं पोट घासायचं, म्हणून ती रस्त्यावरच असायची. तिच्यावर कॅमेरा होता, आणि दिवसा तोरणमाळकडचा एक पावरा आदिवासी माणूस. पन्नाशीचा. समोरच्या कडुलिंबाखाली स्टूल टाकून बसायचा.

एका सकाळी तक्रार आली. बॉनेटपासून दारांपर्यंत बारीक गोल ओरखडे.

"साहेब, त्यानेच केलं. सुट्टी मागत होता, मी दिली नाही. त्याचा राग," व्यापारी म्हणाला. कॅमेऱ्यातही त्या माणसाशिवाय गाडीजवळ कोणी दिसत नव्हतं. पाठमोरा, बॉनेटवर वाकलेला. वरून फोन आला होता. दुपारच्या आत मी गुन्हा नोंदवला आणि त्याला ठाण्यात आणून बसवलं.

त्याला मराठी बेताचीच येत होती. धडगावचा एक हवालदार पावरीत समजावून सांगत होता.

"गाडीला हात लावायचास?"

"लावायचो."

"ओरखडे तू पाडलेस?"

त्याने आपले तळहात उलटून पाहिले. मग म्हणाला, "दुसरं कोणी हात लावत नाही, साहेब. मग माझेच असतील."

मी ते कबुली म्हणून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो, तर समोरच्या घरातल्या काकू फाटकाशी येऊन अहिराणीत म्हणाल्या, "साहेब, तो गाडीनं नुकसान कसाले करी? दिवसमा तीनदा पुसस तो. मन्हा नवरानी तीस वरीसमा मन्ही इतली निगा नही राखी."

शिपाई हसले. मी विचारलं, "कशाने पुसतो?"

"खांदावरना फडकाघाई. कोरडंच."

ठाण्यात परतलो. आमची जीप कोरीटच्या कच्च्या रस्त्याने नुकतीच आली होती, धुळीने माखलेली. त्याला म्हटलं, "गाडी कशी पुसतोस, दाखव." त्याने फडकं काढलं आणि लेकराचं तोंड पुसावं तसं हलक्या हाताने गोल गोल फिरवलं. मी वर बादलीभर पाणी ओतायला लावलं. उन्हात बॉनेटवर तेच बारीक गोल ओरखडे चमकले. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ म्हणजे बारीक वाळूच. तिच्यावर कोरडं कापड फिरलं की रंग सोलला जातो.

"पाणी का नाही घेत?"

"शेठनी सांगितलं. बोअरचं पाणी खारं, डाग पडतात. कोरडंच पुसायचं."

एवढं बोलून त्याने जीपकडे पाहिलं आणि खाली बसला. "म्हणजे मीच खराब केली," तो हवालदाराला म्हणाला. अपराध नव्हता हे त्याला पटवायला आम्हाला तासभर लागला.

व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं. "बरं, मग जाऊ द्या साहेब. पण माणूस मी बदलतो."

"संशय चुकीचा होता, एवढं लिहून द्या."

"लिहायचं कशाला? मी कुठे केस चालवतोय?"

मी आग्रह धरला नाही. तक्रार गैरसमजातून झाली, असा अहवाल कोर्टात पाठवला आणि हात झटकले.

दोनेक महिन्यांनी टेबलावर चारित्र्य पडताळणीचा कागद आला. त्याच्या गावाजवळच्या एका आश्रमशाळेत त्याला पहारेकऱ्याचं काम मिळत होतं. घरी राहून करता आलं असतं. आमच्या कारकुनाने लिहिलं होतं: गुन्हा दाखल, अंतिम अहवाल न्यायालयात प्रलंबित.

"काही करता येईल?" मी विचारलं.

"रेकॉर्डला आहे तेच लिहिलं, साहेब. तक्रारदाराचा कागद असता तर जोडला असता."

मी सही केली. त्यात एक शब्द खोटा नव्हता. काम दुसऱ्याला गेलं. पुढे हवालदाराकडून कळलं, तो बायकोला घेऊन सुरतेकडे ऊसतोडीला गेला. त्या वयात.

संशय लिहून घ्यायला आमच्याकडे चोवीस तास माणूस बसलेला असतो. तो संशय खोटा ठरला, हे लिहून घ्यायला कोणी बसलेलं नसतं. ही व्यवस्था मी बदलू शकलो नाही, आणि ती आपोआप बदलेल असं मला वाटत नाही. रस्त्यावर उभ्या गाडीला तिने कॅमेरा, पंचनामा आणि फौजदार दिला. माणसाला एक कागद दिला नाही.

म्हणून तुमच्याकडे मागतो. कामाच्या कुणा माणसाचं नाव तुम्ही कधी पोलिसांत दिलं असेल आणि ते चुकीचं ठरलं असेल, तर उद्या सकाळी ठाण्यात जा. माझा संशय चुकीचा होता, असं लिहून द्या. पोच घ्या. आणि तो माणूस जिथे असेल तिथे जाऊन ती प्रत त्याच्या हातात द्या.