घरचा चार्जर

मुलगी परदेशातून दर रविवारी अकराला फोन करते. त्या रविवारी स्वारगेटला बसची वाट पाहताना माझ्या फोनची बॅटरी संपत आली. उद्घाटकांच्या नावांची भलीमोठी पाटी आणि तिच्याखाली इवलासा चार्जिंग पॉइंट. "बाहेरच्या यूएसबीत वायर खुपसू नका बाबा, फोनमधली माहिती चोरतात," हे तिनेच बजावलेलं. म्हणून घरचा चार्जर साध्या सॉकेटला लावून मी फोन हातात धरून उभा राहिलो.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढं काय दडवलंय त्यात?"

"वीजबिलांचे फोटो."

माझी बस समोरून गेली. अकराला फोन आला.

"स्टँडवर चार्जिंगला लावलाय," मी म्हणालो.

"चार्जर स्वतःचाच ना?"

"हो."

चार मिनिटांत बोलणं आटोपलं. आता आठवडाभर कुणाचा फोन येणार नव्हता. तरी शंभर टक्के होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.