खाडीच्या मातीची सायकलवाट

पुंडलिकदादांकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. कासू स्टेशनवरून मी चालत गावाकडे येत होतो. रस्त्याच्या कडेला एक उंच, वाळका माणूस खाडीच्या चिखलाची ढेकळं रचत होता आणि टाचेने चेपत होता. डंपर आला की तो हात थांबवी, डंपर वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राही आणि मगच पुन्हा वाके.

"काय चाललंय, दादा?"

"नातीला सायकलीची वाट करतोय, गुरजी."

गावातली शाळा सातवीपर्यंतच. मनस्वीला जूनपासून आठवीसाठी हायस्कुलात जायचं होतं. तिचा बाप विशाल रोह्याच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे तिला सोडायला घरात कोणी नव्हतं. रस्ता अरुंद, डांबराची कड तुटलेली, आणि दिवसभर भरावाच्या मातीचे डंपर. दादांना त्या डंपरांची स्वप्नं पडत. ओरडून उठतात, असं त्यांची सून अनिता सांगायची.

दादांचा जन्म मिठागरात गेला. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा मोठा बांध असतो, त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्याला खांड पडली की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन उतरतो. मजुरी कोणी मागत नाही. रस्ताही तसाच करायचा, असं दादांच्या मनात पक्कं होतं. म्हणूनच त्यांनी घरपट्टी कधी भरली नाही. "आमी बांधावर राबतो. मंग पट्टी कसली?" आणि त्यांचं बघून सगळी आळी भरायची थांबली होती.

आळीतली माणसं मदतीला आली. मे सरता सरता घरापासून रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीपर्यंत सायकलीपुरता पट्टा तयार झाला. उन्हात तो दगडासारखा टणक झाला.

मग एक दिवस पिण्याच्या पाण्याचा टँकर गळत गळत त्या कडेने गेला. पाठोपाठ मनस्वी सायकलवरून आली. खाडीची माती भिजली की साबणासारखी होते. बांधावर सायकल चालवत नाहीत, म्हणून हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पोर घसरली ती थेट डांबरावर. मागच्या डंपरवाल्याने ब्रेक मारला म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं.

अनिता धावत आली. "बाबा, पोर जायची व्हती आज!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी तो सगळा पट्टा खरवडून काढला आणि मग माझ्या ओटीवर येऊन बसले.

"गुरजी, शाळा उघडंल आता. रस्ता करतो कोन, त्याला भेटू."

मी सांगितलं, रस्ता जिल्हा परिषदेचा. त्याला पैसा लागतो तो करातून येतो. डिझेलवरचा कर, साबणावरचा कर, तुमच्या चपलेवरचा कर.

"म्हंजे मी पन भरतोय?"

"रोज भरताय."

"मंग सांगितलं का नाय कोनी?" ते रागावलेच.

मी पुढे म्हणालो, तो पैसा वरून यायला वेळ लागतो. जिल्हा परिषदेची परवानगी मिळाली तर कडेला मुरूम ग्रामपंचायत टाकू शकते, पण तिचा कारभार घरपट्टीवर चालतो, आणि ती निम्म्या गावाने भरलेली नाही.

सगळ्यांनी पट्टी भरा, असं सांगायला दादा ग्रामसभेत उभे राहिले तेव्हा आळीतला काळुराम मागून ओरडला, "काल पट्टी नाय म्हनत व्हतास, आज सरपंच झालास काय रं?"

"माजी पोर पडली, काळू. तुजी पडायची हाय अजून."

दादांनी आपली मागची सगळी पट्टी भरली. मग संध्याकाळी ते आळीतल्या घराघरात जाऊन बसू लागले. कोणी चहा दिला, कोणी दार लावून घेतलं. "आधी तूच भरू नको म्हनलास," असं गिरजाबाईंनी तोंडावर सुनावलं. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथेच बसून राहिले. शेवटी गिरजाबाई म्हणाल्या, "भरते बाबा, पन उठ आता."

परवानगी लवकर आली नाही. शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि दादांचं जेवण लांबू लागलं. मनस्वी घरी येईपर्यंत ते ताटावर बसत नसत. मुरूम पडला तो गणपती झाल्यावर, तोही मोरीपर्यंतच. पुढचा तुकडा जिल्ह्याच्या पैशातून व्हायचा आहे. तो अंदाजपत्रकात धरला आहे असं सांगतात.

मनस्वी आता नववीत आहे. मोरीपर्यंत ती मुरमावरून सायकल चालवते आणि तिथे उतरते. मोरीपासून हायस्कुलापर्यंत दादा सायकल हातात धरून डांबराच्या बाजूने चालतात आणि ती त्यांच्या पलीकडून, कडेच्या अंगाने.